ताबा

वकील म्हणाले, हो की नाही, एवढंच सांगा.
म्हटलं, विचारा.

मुलीला आत यायची परवानगी होती?
नाही.
फाटकावर पाटी होती?
होती. ‘आत येण्यास सक्त मनाई. हुकमावरून.’
कुणी रंगवली?
मीच. उरलेल्या ऑइलपेंटनं.
‘हुकमावरून’ला जागा पुरली नाही,
म्हणून तो शब्द खाली, बारीक, कडेला गेला.
साहेब हसले नाहीत.

मग मुलीकडचे वकील उठले.
कोट उन्हानं विटलेला, आवाज नरम.
नदाफ, पूर्वेच्या भिंतीला भगदाड होतं ना?
इथं मी पाणी मागितलं.

भगदाडाचं काय सांगू.
अक्कलकोट रोडचा आमचा रंगारीखाना
बंद पडून नऊ वर्षं झाली.
वाफ गेली, टॉवेलांच्या गठ्ठ्यांचा वास गेला,
राहिली एक चिंच, आणि मी.
भिंतीपलीकडं विडीवाल्या बायांची वस्ती.
दुपारी त्या सुपावर वाकलेल्या असतात
आणि पोरं मोकळी.
फेब्रुवारीत चिंच गाभुळते.
पाटी डोळ्यांना वाचता येते, जिभेला नाही.

मी भगदाडात बोराटी लावायचो.
चार वाजता मीच ती ओढून काढायचो,
फाटकाकडनं चहाला फार वळसा पडतो.
पोरांना माझा चहा पाठ होता.

लावण्या म्याकल, वय अकरा,
तेलुगू शाळेत, सहावीत.
रंगाच्या टाकीवर पत्रा, पत्र्यावर चिंचेचा पाला,
वरून बघाल तर जमीनच.
मला वाटलं, वानर पडलं.
शिडी लावून उतरलो तर तळाला निळा गाळ,
डावा पाय भलतीकडं वळलेला,
आणि तिचं पहिलं वाक्य:
मी चोरी नाही केली, काका.

मालकाकडचे वकील म्हणतात,
बोलावल्याशिवाय आली,
तिचं कसलं देणं लागतो आम्ही?
कायदा त्यांना ठाऊक, मी चौथी नापास.
पण माझा बाप वळसंगकडं विहिरी खणायचा.
काम अर्धं राहिलं तर रात्री घरी यायच्या आधी
काठाभोवती चुना फासलेले दगड मांडायचा.
मी विचारलं, कुणासाठी? मालक तर झोपलाय.
बाप म्हणाला, मालकाला विहीर ठाऊक असते रे.
दगड चोरासाठी.
ज्वारी चोरायला आलाय,
त्याची शिक्षा ज्वारीएवढी.

हे मी कोर्टात बोललो नाही.
हो की नाही, एवढंच होतं.

पत्रा कुजलाय हे मालकांना सांगितलं होतं?
हो. दोनदा, फोनवर.
काय म्हणाले?
म्हणाले, आत कोण येतंय?
आणि आत कोण येतंय, हे तुम्हाला ठाऊक होतं?

मागच्या बाकावर मालक चष्मा पुसत होते.
सात महिन्यांचा पगार त्यांच्याकडं अडकलेला.
पंखा फिरत होता, टायपिस्ट थांबली होती.

ठाऊक होतं, म्हटलं.
पत्राही ठाऊक होता. पोरंही.

मग जज्जसाहेबांनी स्वतः विचारलं,
जागेचा ताबा कुणाकडे होता?
ताबा मालकांचा, साहेब.
ताबेदार मी.
टायपिस्टनं वर बघितलं, लिहू?
साहेब जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, ताबा मालकांचा, एवढं लिहा.

खाली पायरीवर पोरगी भेटली,
एकेक पायरी बसून उतरत होती,
आई मागं, हातात चपला.
काका, चिंच आहे अजून?
आहे.
आणि भगदाड?
बुजवलं. तू पडलीस त्याच आठवड्यात,
सिमेंट लावून, पक्कं.

टाकीचं तिनं विचारलं नाही.
टाकी तशीच आहे.
पत्रासुद्धा नाही आता.